लव्हाळेवाले नाना

गुलाब लावणाऱ्याची हौस चारचौघांना कळते. जास्वंद लावणारा देवाच्या नावावर खपून जातो. पण खिशातले पैसे मोजून लव्हाळ्याच्या कुळातली झाडं घरी आणणारा माणूस पुण्याच्या सोसायटीतच सापडायचा. आमच्याकडे ते नाना.

नानांच्या गच्चीवर चहाच्या आधी तोंडी परीक्षा असते. पपायरसची दांडी पुढे करून ते म्हणतात, "चिमटीत धरा आणि फिरवा. काय लागतं?" आपण बिचकत "काडी" म्हणतो. "कडा! तीन कडा! गवताची काडी गोल, पोकळ, पेरांची. ही भरीव, बिनपेरांची. पुन्हा गवत म्हणायचं नाही." मग या दांडीतल्या गराचा इजिप्तमध्ये कागद कसा व्हायचा, ते सुरू होतं आणि चहा निवतो.

बाकी ज्ञान पक्कं. 'अंब्रेला पाम' हा पाम नव्हेच, हे ते रोपवाटिकेत जाऊन मालकालाच सुनावून येतात. त्याची कुंडी पाण्याच्या टबात उभी. पिवळी पडलेली दांडी मधून छाटायची नाही, बुडापासून कापायची. बेट दाटलं की पावसाळ्याच्या तोंडावर करवत घेऊन त्याच्या वाटण्या करायच्या. "भावाभावांच्या वाटण्या इतक्या प्रेमाने झाल्या नव्हत्या," असं नानी म्हणतात. नवं रोप हवं तर छत्री थोड्या दांडीसकट कापायची, पानं अर्धी करायची आणि पाण्यात उलटी, डोकं खाली करून सोडायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. तोवर घरातली एकही बादली आंघोळीला मिळत नाही. डासांच्या अळ्या तपासायला आलेल्या माणसाला नानांनी टबातले गप्पी मासे एकेक करून मोजून दाखवले. तो पुन्हा त्या जिन्याला फिरकला नाही.

मानाची कुंडी मात्र जपानी केरेक्सची. जात 'एव्हरगोल्ड', बारीक पान, कडेला हिरवं, मधोमध पिवळसर पट्टा. थंड हवेतलं हे लेकरू एप्रिलच्या उन्हात मान टाकून बसलं. नानांनी हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, आणि पहिल्या पावसात कुंडी तरारली. पट्टा दिसेना, तेव्हा म्हणाले, "कोवळं आहे. पट्टा मागाहून येतो."

श्रावणात बारामतीकडचे मेहुणे आले. कुंडीपुढे बसून त्यांनी ते केरेक्स निरखलं. "दाजी, ह्यो तर लव्हाळा! आमच्याकडं ह्यो काढायला रोजानं बाया लावाव्या लागत्यात, आन् तुमी त्याला जाळी बांधलीय?" नाना काही बोलायच्या आत मेहुण्यांनी मातीत बोट घालून एक काळपट गाठ उकरली आणि त्यांच्या नाकाशी धरली. "घ्या वास. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा."

दुसरा कोणी असता तर कुंडी पालथी करून मोकळा झाला असता. नाना दोन दिवस पुस्तकांत बुडाले आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "१९७७ साली जगातल्या सगळ्यांत वाईट तणांवर एक ग्रंथ निघाला. त्यात पहिला नंबर कुणाचा? आपल्या नागरमोथ्याचा! जपान्याला उन्हाळा झेपला नाही, आणि हा बघा!"

कुंडीवर 'सायपेरस रोटुंडस' अशी नवी पाटी लागली. दिवाळीत नानांनी प्रत्येक बिऱ्हाडात फराळाच्या ताटासोबत एकेक गाठ पाठवली. उटण्यासाठी नव्हे, लावण्यासाठी. कुणी ती लावली नाही, नुसती कुंडीत टाकून दिली. लव्हाळ्याला तेवढं पुरतं.