दाब किती निघाला?

राळेगणसिद्धी हे बघायला यायचं गाव आहे. वाडेगव्हाणच्या फाट्यावरून सहलीच्या बसगाड्या आत वळतात. कॉलेजची पोरं येतात, कुठकुठले सरपंच येतात. पाझर तलाव बघतात, नालाबांध बघतात, यादवबाबांच्या देवळात टेकतात. ऐन दुपारी त्यातलं कुणीतरी मला विचारतं, "बाई, देऊळ कुठंय?" आणि सगळा जन्म या गावच्या पोरांना शिकवण्यात घालवलेली मी, आवाजाच्या दिशेला तोंड करून हातवारे करते. भर उन्हात समोर माणूस आहे की लिंबाचं झाड, हे त्यानं बोलल्याशिवाय मला कळत नाही.

दिवस मावळला की मात्र माझी नजर उघडते. पलीकडच्या ओट्यावर मेथी निवडली जातेय की शेपू, हे मी इथून सांगते. त्यामुळे शेजारणींचा ठाम समज झालाय, की बाईंना दिसतं सगळं, फक्त दुपारी ओळख द्यायची नसते.

याला कारण एक गोळी. पांढरी, बारकीशी, चवीला कडू जहर. नाव प्रेडनिसोलोन, जात स्टिरॉइड. आमवातानं सकाळी माझी मूठ मिटायची नाही. पोह्यांचा डबा उघडायला ह्यांना हाक मारावी लागे, आणि डबा उघडून दिला की पोहे कसे करावेत यावर चार शब्द बोलल्याशिवाय हे जात नसत. गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत डबा मी उघडला. ते चार शब्दही वाचले.

या जातीच्या औषधांचा महिमाच तसा. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं. थोड्याच दिवसांत बाई उठून खरेदीला बाहेर पडली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पुढे १९६० मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं, की दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांना मोतीबिंदू होतोय. बक्षीस दोन वर्षांत, बिल बारा वर्षांनी. किराणावालासुद्धा एवढी उधारी ठेवत नाही. गंमत म्हणजे लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ सालीच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखवलं होतं. आमचं दुखणं ओळखू येण्याआधी त्यावरचा उतारा तयार होता.

हा गोळीचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, बहुतेक वेळा बरोबर मधोमध धरतो. उन्हात बाहुली बारीक होते आणि तेवढ्याच वाटेवर नेमका डाग येतो. सांजेला बाहुली पसरते, डागाच्या कडेनं उजेड आत शिरतो. जवळचं वाचतानाही बाहुली आकसते. त्यामुळे लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं ‘कृपया आहेर आणू नये’ मला दिसत नाही, आणि ह्यांचा खर्च वाढतो. रात्री समोरून मोटारसायकल आली, की तिच्या दिव्याला असा फुलोरा फुटतो की मी मुकाट रस्ता सोडून उभी राहते. ऑपरेशन व्हायचंय. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी खेड्यापाड्यात शिबिरं घेतली आणि या ऑपरेशनची धास्ती बरीच घालवली. माझे डॉक्टर मात्र म्हणाले, आधी डोळ्यातला दाब आटोक्यात येऊ द्या.

मोतीबिंदूचं एक बरं असतं, आपल्याला दिसत नाही हे निदान कळतं. दाबाचं तसं नाही. डोळ्यात एक पाणी सतत तयार होतं आणि आतल्या कोनातल्या बारीक चाळणीतून सतत बाहेर जातं. आवक-जावक जुळली की दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान राहतो. स्टिरॉइडनं कुणाकुणाची ती चाळणी तुंबते. कुणाची तुंबेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. डॉक्टर चित्र काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, साहेब, चित्र राहू द्या, मी राळेगणची आहे. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, तेव्हापासून आम्ही दुसरं काय केलंय? पाणी अडवा, पाणी जिरवा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, नाल्यांना बांध घातले, उसाला लांब ठेवलं. पण डोळ्याच्या पाणलोटात हे शहाणपण अर्धंच चालतं. इथं पाणी अडलं की घात. तुंबलेलं पाणी मागच्या नसेला दाबत राहतं, नजर कडेकडेनं जायला लागते, आणि बहुधा ना दुखतं, ना खुपतं. गेलेली नजर पुन्हा येत नाही. हा कांचबिंदू. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्या गावचे पेशंट बरे, पाणी म्हटलं की लगेच समजतं."

तेव्हापासून दाब उतरवणारा रात्रीचा थेंब हा आमच्या घरातला सोहळा झालाय. बाटली फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. मी खुर्चीत मान मागं टाकते, खालची पापणी बोटानं ओढते, आढ्याकडे बघते. थेंब बाटलीच्या तोंडाशी फुगतो, लोंबतो, आणि पडायच्या नेमक्या क्षणी डोळा मिटतो. मग तो थेंब कानशिलावरून थेट कानात. कानाचा दाब माझा उत्तम असणार. हे मदतीला येतात, पण ह्यांचा हात थरथरतो. म्हणून कामाची वाटणी केलीय: नेम मी धरायचा आणि "आता!" ह्यांनी म्हणायचं. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, औषध नाकाघशात उतरू नये म्हणून. तेवढा वेळ मला बोलता येत नाही अशी ह्यांची समजूत आहे. दिवसभर जे सांगायचं धाडस झालेलं नसतं, ते हे तेव्हा उरकून घेतात.

सल्ल्यांना गावात तोटा नाही. कुणी मध सांगतं, कुणी कांद्याचा रस. आमच्या पारनेर तालुक्यात कांद्याचा नुसता भाव ऐकला तरी डोळ्यांत पाणी येतं, रस कशाला काढायचा? सगळ्यात ठसक्यात मिळणारा सल्ला म्हणजे, "गोळी फेकून द्या." ती अशी फेकता येत नाही. बाहेरून आयतं मिळायला लागलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम सोडून बसतात. गोळी एकाएकी बंद केली तर त्या लगेच कामावर हजर होत नाहीत, आणि प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून ती डॉक्टरांच्या हिशेबानं, थोडी थोडी करत उतरवायची. हा सल्ला देणारी बाई स्वतः गुडघ्यासाठी बिननावाची पुडी घेते. "झाडपाल्याची आहे, दोन दिवसांत पळायला लागते," म्हणते. इतक्या लवकर पळणाऱ्या गुडघ्याचा मला संशय येतो. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पोरांचे डोळे खाजतात म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांतही ते असू शकतं. मी मोजूनमापून घेते, ती कदाचित नकळत घेते, आणि काळजी मात्र ती माझी करते.

मग ही गोळी चांगली की वाईट? रात्री थेंब घालावा लागतो तो गोळीमुळे, आणि तो घालायला बाटली बोटांत धरता येते तीही गोळीमुळेच. राग कुणावर काढायचा? त्यापेक्षा मी हजेरीच्या जुन्या वहीत हिशेब ठेवते: तारीख, उजवा, डावा, गोळी किती. उजव्या-डाव्याच्या रकान्यात कुठला आकडा चढला, की फळ्यावर चुकलेल्या पोराकडे बघावं तशी मी त्याच्याकडे बघते. पुढच्या वेळी तो उतरलेला असतो. निदान आजवर तरी ऐकलंय त्यानं.

परवा नगरहून तपासून आले. माझा काळा चष्मा बघून पारावर बसलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "बाई, दाब किती निघाला?"

"सतरा."

"म्हंजे चांगला का?"

"उत्तम."

तो नेप्तीच्या बाजारात कांदा घालून नुकताच परतला होता. टोपी काढून गुडघ्यावर आपटत म्हणाला, "आमचा बी सतरानंच गेला, बाई. शाळेत पाढा येत नव्हता, तवापासून ह्यो सतरा तुमच्याच बाजूचा हाय."