माड धरेपर्यंत मुदत वाढवून मिळावी

रा. रा. ऑनलाइन रोपवाटिकेचे मालक, चालक व छायाचित्रकार यांसी,
देवबाग, तालुका मालवण येथून साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपलं खोकं पोचलं. पॅकिंगबद्दल तक्रार नाही. खोक्याच्या प्रत्येक बाजूवर ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं आणि आतल्या रोपांनी प्रत्येक बाजूचा मान राखलेला दिसला. हे खोकं आम्ही मागवलेलं नाही. गणपतीला गावी यायच्या आधी घरामागे चार झाडं लागलेली असावीत, असं डोंबिवलीच्या भाच्याच्या मनात आलं. त्यानं मोबाइलवरून पैसे भरले आणि खड्डे खणायचं काम मामाकडे दिलं. चाकरमान्याचं गावप्रेम साधारण याच मार्गानं येतं.

प्रथम माडाविषयी. आपल्या फोटोत कमरेएवढ्या झाडाला इतके नारळ लगडले होते की झाड आधी की नारळ आधी, असा प्रश्न पडावा. खाली ‘बुटका हायब्रिड, कुंडीतही चालेल’ असं वचन. हातात आलं ते बोटभर जाडीचं, तीन पानांचं काहीतरी आणि त्याच्या बुडाशी नारळ नाही. माडाचं रोप नारळासकट देतात, साहेब. पहिले कित्येक महिने ते त्या नारळातल्या खोबऱ्यावरच जगत असतं. नऊ ते बारा महिन्यांचं, निदान सहा पानांचं, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरच्या वर असलेलं रोप घ्यावं, हे इथं शाळेत न गेलेली माणसंही डोळ्यांनी मोजतात. शेजारच्या काकी कुंपणावरून बघून म्हणाल्या, “माड नाय रे ह्यो, खराटो.” आम्ही आपली बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण खराट्याला लागतील एवढे हीरही त्या पानांत निघाले नसते.

दुसरं, हापूसचं कलम. कलमाला रंगीत पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, आत जोड असणार असं वाटावं अशी. सोडून पाहिली, तर खाली एकसंध खोड. कोयकलमात कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात, तिथं सांधा राहतो आणि तो पुढं कितीतरी दिवस दिसतो. आपल्या कलमाला सांधा नाही, फक्त बँडेज आहे. म्हणजे हा रायवळ. रायवळाशी आमचं वैर नाही, लोणच्याला त्याच्यासारखा आंबा नाही, पण तो हापूसच्या भावात आणि मलमपट्टी करून यायचं काय कारण?

आता सुरंगी. इथं आपली करामत खरोखर दाद देण्यासारखी आहे. ‘कोकणची दुर्मीळ सुगंधी सुरंगी’ म्हणून आलेलं रोप उंडीचं आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पानं तशीच जाड नि तुकतुकीत, त्यामुळे फोटोत कुणीही फसेल. पण पान उजेडाकडे धरलं की उंडीच्या शिरा केसासारख्या बारीक, एकमेकींना चिकटून समांतर गेलेल्या दिसतात. ही उंडी आमच्या किनाऱ्याची रहिवासी. तिच्या बियांच्या तेलावर एके काळी दिवे जळायचे, होड्यांनाही ते तेल लावायचे. असं झाड आपण घाटावरच्या कुठल्याशा गोदामातून, वाहतूक खर्चासह, समुद्रकिनारी आणून दिलंत. मिठागराला मीठ विकणारा माणूस आम्ही प्रथमच पाहिला.

आपल्या कस्टमर केअरच्या बाईंशीही बोलणं झालं. फार गोड बोलतात. त्यांचं म्हणणं, “सर, तुमची माती नारळाला सूट होत नसेल.” देवबागला! एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर पिढ्यान् पिढ्या माडच माड. मग त्यांनी सांगितलं की तक्रार ४८ तासांच्या आत, खोकं उघडतानाच्या व्हिडिओसह करायला हवी होती.

सगळं घोडं इथंच पेंड खातं. बाणवली माड धरायला सहा-सात वर्षं घेतो. बुटका लवकर धरतो, पण त्यालाही तीन-चार वर्षं लागतात. कलम हापूसचं की रायवळाचं, याचा पक्का निकाल पहिला आंबा हातात येईल तेव्हा. आपली मुदत मात्र दोन दिवसांची. भाचा म्हणतो, “मामा, रेटिंग साडेचार आहे.” आम्ही ते अभिप्राय वाचले. ‘वेळेत मिळालं’, ‘पॅकिंग छान’, ‘झाड फ्रेश आहे’. सगळे डिलिव्हरीच्या संध्याकाळी लिहिलेले. नारळ खाऊन लिहिलेला एकही नाही.

कायदा तसा आमच्या बाजूचा आहे. फळझाडांची रोपं विकायला परवाना लागतो, हे महाराष्ट्रात १९६९ सालापासून लिहून ठेवलेलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आम्हाला आपल्या गावी यायचीही गरज ठेवली नाही, ओरोसला जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि एवढ्या किरकोळ रकमेला फीही नाही. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांत गंमत अशी, की तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायचं बंधन आपल्यावर आहे. ते ४८ तास आपण चुकून आमच्या खात्यावर टाकलेत. पण आयोगाकडे जायची मुदतही तक्रारीचं कारण घडल्यापासून दोनच वर्षं, आणि आंब्याचं कारण नेमकं कधी घडलं, कलम विकलं तेव्हा की फळ चाखलं तेव्हा, यावर वकील बोलायला लागले की आंबा पिकून गळून पडेल.

भाच्याला आम्ही कर्लीच्या मुखापाशी नेऊन पलीकडचं भोगवं दाखवलं. तो वेंगुर्ला तालुका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूच्या एकामागून एक जाती दिल्या, नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा काढला. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाचं केंद्र १९५५ पासून आहे. तिथं घरपोच सेवा नाही, फोटोही बेताचेच. रोप मात्र ज्याचं नाव सांगतात त्याचंच असतं. भाचा म्हणाला, “पण त्यांचं अॅप नाही ना.” या मुद्द्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तरी विनंती अशी, की आपल्या अटींत ‘४८ तास’ आहे तिथं ‘माड धरेपर्यंत’ असा बदल करावा. आम्ही थांबू. इथं थांबायची सवय आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
देवबागचा एक मामा

ता. क. उंडीची रोपं आमच्या मागच्या आवारात पावसाळ्यात आपोआप उगवतात. ‘दुर्मीळ सुरंगी’ म्हणून आपण लावता त्याच्या निम्म्या भावात देऊ. खोकं आपलं, वाहतूक आपली, आणि तक्रार ४८ तासांच्या आत.