हॉल मोठा हवा!

वाशीच्या सिडको वसाहतीत भिंत ही तात्पुरती वस्तू मानतात. आतली पाडली की हॉल मोठा, बाहेरची सरकवली की बाल्कनीची बेडरूम. बीम आडवा आलाच, तर मिस्त्री त्यावर टकटक करून म्हणतो, "काही होत नाही, साहेब." झालं स्ट्रक्चरल ऑडिट! वास्तुशास्त्रवाला दोनदा येऊन गेलेला असतो. इंजिनिअरची फी तेवढी परवडत नाही.

घाटकोपरची सिद्धी साई इमारत जुलै २०१७मध्ये कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं. नेरुळच्या जिमी पार्कमध्ये २०२२ साली सहाव्या मजल्यावर लाद्या बसवताना स्लॅब खालच्या मजल्यांसकट कोसळले. नेरुळ काही लांब नाही. पण आमची सोसायटी दक्ष आहे: दुपारी दोन ते चार हातोडा बंद, झोपमोड नको.