सव्वा वर्षाचे उपसरपंच

पाच वर्षांची मुदत आणि चार इच्छुक, म्हणजे प्रत्येकी सव्वा वर्ष. हा हिशेब निवडणुकीनंतर खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून ठरतो. पहिली टर्म मिळालेले भाऊसाहेब तेव्हा सगळ्यांत मोठ्याने म्हणतात, "अण्णा, तुम्ही सांगाल त्या दिवशी राजीनामा देतो!"

सव्वा वर्ष भरतं आणि भाऊसाहेब गावात दिसेनासे होतात. फोन लागलाच तर ते कुणाच्या तरी दहाव्याला असतात. गाठलंच, तर आधी गटाराचं काम मार्गी लावायचं असतं. मग पितृपक्ष लागतो. मग मुलाचं लग्न निघतं, आणि पत्रिकेत 'विद्यमान उपसरपंच' छापून झालेलं असतं.

त्यागावर बोलायला मात्र भाऊसाहेबांनाच बोलवावं. 1956 साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी मंत्रिपद सोडलं, त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईसाठी अर्थखातं सोडलं, हे ते शाळेच्या झेंडावंदनाला गहिवरून सांगतात. विषय स्वतःवर आला की थेट 2012 वर येतात. "अजितदादांनी सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपद सोडलं, डिसेंबरात परत मिळालं. तेही उप, मीही उप. तसं जमवताय का बोला!"

अखेर अविश्वासाची नोटीस तहसीलदारांकडे निघाली, की भाऊसाहेबांना ढाब्यावरून उचलून आणतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन धट्टेकट्टे कार्यकर्ते बसतात आणि भाऊसाहेब लिहितात, 'वैयक्तिक कारणास्तव, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने राजीनामा देत आहे.' तो सरपंचांकडे जातो. ग्रामसेवक पुढच्या सभेत वाचायला घेतात, तेवढ्यात भाऊसाहेब उठतात. "ही सही माझी नव्हेच!"

राजीनामा खरा नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायला ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे 7 दिवस मिळतात. सव्वा वर्षात ग्रामपंचायतीचं एकही पुस्तक न उघडलेल्या भाऊसाहेबांना एवढं कलम तोंडपाठ असतं.

बाकीचे तिघे चावडीवर त्यांच्या नावाने बोटं मोडतात. पण पहिला नंबर लागला असता, तर त्यांनीही हेच केलं असतं. तेव्हा तुमच्या गावात वाटण्या ठरत असतील तर एवढं ध्यानात ठेवा: टर्म घ्यायची तर पहिलीच घ्या. दुसरी सहसा येतच नाही.