भिंतीची कैफियत

खोकल्यालाही वंशावळ असते, अशी माझी गेल्या भाद्रपदापर्यंत प्रामाणिक समजूत होती. माझे वडील ज्या आरामखुर्चीत बसून चाळीस वर्षे खोकले, त्याच खुर्चीत, त्याच खोलीत आणि जवळजवळ त्याच स्वरात जेव्हा मी खोकू लागलो, तेव्हा वडिलार्जित मिळकतीपैकी जो एकच हिस्सा वाटणीच्या वेळी भाऊबंदांनी मागितला नव्हता तो रीतसर आपल्या नावे चढला, एवढे समाधान मानून मी स्वस्थ राहिलो. वडिलांचा खोकला म्हणजे सामान्य प्रकरण नव्हते. घरात वाद पेटला, की दोन्ही पक्षांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊन ते एकदाच दीर्घ खोकत आणि त्या खोकल्यावर अपील चालत नसे.

आमचे घर उतईला. दुर्गहून पाटणकडे निघालेल्या माणसाला हे गाव वाटेत लागते. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 साली रतनपुरास येऊन कारभार पाहू लागले, तेव्हा त्यांच्यामागोमाग मोडी लिपी, दसऱ्याचे सोने आणि आमचे मूळपुरुष असे तीन जिन्नस छत्तीसगडात आले, असे आमच्या घराण्यात सांगतात. पैकी पहिल्या दोहोंची नोंद इतिहासात आहे. हे मूळपुरुष परगण्याचे बरारपांडे होते, की बरारपांड्यांच्या कचेरीत शाई घोटीत बसत, याचा निकाल ज्या कागदांत आहे ते कागद सात रुमालांत बांधून एका अवाढव्य सागवानी कपाटात ठेवलेले आहेत. आणि मोडी वाचू शकणारा घरातला शेवटचा माणूस माझ्या आजोबांच्या रूपाने होऊन गेला असल्यामुळे तो निकाल आमच्याच बाजूचा आहे, असे मानण्यास आता कोणाचीही हरकत उरलेली नाही.

हे कपाट ज्या भिंतीला पाठ लावून उभे होते, त्या भिंतीची ही कैफियत आहे.

दर श्रावणात, पाऊस एकदा अंग धरून पडू लागला, की आमचे कुटुंब त्या खोलीच्या उंबऱ्यावर थबके, नाक किंचित वर करी आणि म्हणे, “अहो, या खोलीत कुठेतरी ओला पंचा पडलाय.” एकतीस श्रावण आम्ही तो पंचा शोधला. खुर्चीखाली, माळ्यावर, ट्रंकेमागे, सर्वत्र तपास झाला. पंचा सापडला नाही. वास मात्र दसऱ्यापर्यंत मुक्कामाला असे. अखेर मी तिला समजावले, “अगं, हा पंच्याचा वास नव्हे, इतिहासाचा आहे. जुन्या दफ्तरांना असाच गंध असतो.” ती शांतपणे म्हणाली, “मग इतिहासाने एकदा उन्हात बसावं.” स्त्रियांना संशोधनाची दृष्टी नसते, असे मी त्या वेळी मनात म्हटले, आणि खोकलो.

पुढे माझ्या खोकल्यात एक चमत्कारिक नियमितपणा दिसू लागला. लेकीकडे नागपूरला गेलो, की तो तिसऱ्या दिवशी रजेवर जाई आणि उतईच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच विनातक्रार कामावर रुजू होई. जन्मभूमीच्या ओढीचा हा शारीरिक आविष्कार आहे, अशी माझी उपपत्ती होती. दुर्गच्या एका तरुण डॉक्टरने मात्र ती ऐकून घेतली, माझ्या छातीला नळी लावली आणि अगदी सहज विचारले, “घर में सीलन है क्या?”

एखाद्या सभ्य गृहस्थास तुमच्या माजघरात दारू गाळतात काय असे विचारावे, तसा तो प्रश्न मला झोंबला. आमच्या घरात ओल? ओल दुसऱ्यांच्या घरात असते. परंतु तो मुलगा नम्र होता तितकाच चिवट होता. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बी, मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांएवढे असते, त्यामुळे ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळघरापर्यंत उतरू शकते. पुष्कळांचे शरीर या पाहुण्यांना बिनबोभाट वाटेला लावते, पण काहींचे शरीर त्यांच्याशी भांडण उकरून काढते, आणि शिंका, चोंदलेले नाक, खाजणारे डोळे, छातीतली घरघर हे सारे त्या भांडणाचे आवाज होत. दमेकऱ्याचा दमा त्याने बळावतो, आणि काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतील कफात तर ती बुरशी बिऱ्हाडच थाटते. या शेवटच्या विकाराचे वर्णन लंडनच्या वैद्यांनी प्रथम 1952 साली केले, आणि आपल्याकडे त्याला क्षय समजून क्षयाचीच औषधे चालू ठेवल्याचे प्रसंग अजूनही घडतात, असे तो म्हणाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली केवळ घरातली ओल आणि बुरशी या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ काढला आहे, हेही त्यानेच सांगितले. माझ्या कपाटामागच्या गोष्टीची दखल जिनिव्हाला घेतली जाते, हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले. मग 2021 सालच्या वर्तमानपत्रांची आठवण होऊन घसा कोरडा पडला. “ती काळी बुरशी तर नाही ना?” तो हसला. ते कुळ निराळे. ते बहुधा अनावर मधुमेहाने किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसावर चालून जाते, आणि भिंतीवर डाग काळा दिसला म्हणून तो त्याच गोत्रातला ठरत नाही. “पर दीवार देख लीजिए,” एवढा हुकूम देऊन त्याने मला निरोप दिला.

भिंत पाहण्यासाठी मिस्त्री आला. त्याने कपाटाच्या कडेची भिंत बोटाच्या पेराने ठोकली, गिलाव्याचा पोपडा नखाने उचलला, कान लावला आणि निदान सांगितले: “बाबूजी, भिथिया म पानी मरत हे.”

या वाक्यावर मी अद्याप विचार करतो आहे. भिंतीत शिरलेले पाणी इकडच्या बोलीत मरते. आमच्या मराठीत ते मुरते. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, माणूससुद्धा एखाद्या खात्यात तीस वर्षे काढून मुरतो, आणि त्याच क्रियापदाने पाणीही भिंतीत मुरते. म्हणजे आपल्याच भाषेने आपल्याला किती आधी सावध करून ठेवले होते! नोकरीच्या काळात कोणाचे बिल दोन दिवस आधी मंजूर झाले, की ‘यात कुठेतरी पाणी मुरते आहे’ असा शेरा मी तोंडी का होईना, शेकडो वेळा मारला असेन. कारखान्याच्या लेखाशाखेत जन्मभर दुसऱ्यांचे मुरणारे पाणी शोधणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या खुर्चीपासून चार हातांवरचे पाणी एकतीस वर्षे सापडू नये, आणि ते शोधणारी व्यक्ती रोज त्याच्या ताटात वरणभात वाढीत असावी, याला न्याय म्हणावा की विनोद, हे मला ठरवता आलेले नाही.

चार गड्यांनी कपाट ओढले. मागे जे दृश्य दिसले त्याचे वर्णन एखाद्या भूगोलाच्या शिक्षकाने करावे. हिरवी बेटे, काळे द्वीपसमूह, पांढरी लोकरी किनारपट्टी, आणि कपाटाच्या पाठीवर त्याच नकाशाची तंतोतंत दुसरी प्रत. उतईत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, रोज पहाटे तेथे कवायती चालतात. आणि तरीही हा परकी अंमल कोणत्याही चौकीवर ओळख न पटवता आमच्या घरात कायम झाला होता. बारा वर्षे दुसऱ्याच्या मिळकतीवर उघड वहिवाट केल्यास कब्जेदारास हक्क सांगता येतो, असे मुदतीचा कायदा म्हणतो. एवढाच आधार मला उरला: बुरशीची वहिवाट साठ वर्षांची असली तरी ती उघड नव्हती. ती आम्हीच झाकली होती.

कारण मग सारी तवारीख उलगडली. आजोबांच्या वेळी ती भिंत मातीची होती, दर दिवाळीला तिला छुहीचा पांढरा हात फिरे आणि आजोबा स्नानाला गावच्या तलावावर जात. 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्याच वर्षी आधुनिक युगास अनुसरून माझ्या वडिलांनी त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर बांधले, भिंत सिमेंटची केली व तिच्या पोटातून नळ नेला. नळ पाझरू लागला. भिंतीवर पहिला डाग उठला तेव्हा नळ दुरुस्त करावा की डाग झाकावा, असे दोन मार्ग होते. घराण्याच्या इभ्रतीस शोभणारा मार्ग वडिलांनी पत्करला आणि पूर्वजांचे कपाट डागापुढे उभे केले. मी त्याभोवती तैलरंगाचा हात दिला, त्यामुळे भिंतीला उरलासुरला श्वास घेण्याचीही सोय राहिली नाही. शेजारच्या नव्वदीच्या डोकरीला मी मुद्दाम विचारले, “आजोबा खोकत का?” ती म्हणाली, ते खोकत नसत, भल्या पहाटे तलावावर जाताना गात असत. माझी खोकल्याची वंशावळ अशा रीतीने एका पिढीत संपली.

लंडनच्या फ्लेमिंगसाहेबांनी 1928 साली रजेवरून परतल्यावर आपल्या बशीतली बुरशी पाहिली आणि त्यांना पेनिसिलीन सापडले. आमच्या घराण्याने तिच्यापुढे कपाट ठेवले. एकाच वस्तूपासून कोणाला नोबेल व कोणाला खोकला मिळतो, त्यातले अंतर बहुधा एवढेच.

यानंतर मी जो पराक्रम केला तो वाचकांनी करू नये. शत्रू समोर दिसताच मी कोरडा खराटा उचलला आणि त्या साम्राज्यावर तुटून पडलो. कोरडी बुरशी झाडणे म्हणजे तिच्या लक्षावधी बीजाणूंना स्वखर्चाने घरभर पोचवणे होय, हे मला पुढच्या तीन रात्री खोकताना कळले. बायबलातील लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात या कामाची पद्धत माझ्याहून कितीतरी व्यवस्थित दिलेली आहे: भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे उठले तर धनी उपाध्यायाकडे वर्दी देई, उपाध्याय घर सात दिवस बंद ठेवी, चट्टे पसरले तर दगड काढवून व गिलावा खरवडून गावाबाहेर टाकवी, आणि इतकेही करून ते उलटले तर घरच पाडण्याचा हुकूम निघे. पाहणीपूर्वी धन्याने सामान बाहेर काढावे अशीही त्यात सोय आहे. पंचनाम्याआधी माल हलवण्याची वहिवाट इतकी पुरातन आहे, हे पाहून माझ्या लेखाशाखेतील जुन्या सहकाऱ्यांना धन्यता वाटेल.

आमचे मिस्त्री त्या उपाध्यायांच्याच पठडीतले निघाले. आधी नळ बदलला, कारण पाणी चालू असेतो बाकी सारे रंगकाम व्यर्थ. मग नाकातोंडाला फडके बांधून, भिंत ओली करून सडका गिलावा काढला. मग आश्विनाच्या उन्हात आठवडेच्या आठवडे ती उघडी वाळू दिली. आणि शेवटी तैलरंगाऐवजी साधा चुना दिला, जो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला सहसा मानवत नाही. पंधराशे अंशांवर लोखंड वितळवणारा कारखाना इतक्या जवळ असूनही आमची भिंत वाळवली ती एका खिडकीने. ती कपाटाच्या आडच होती. तिला गज आहेत हे मला साठाव्या वर्षानंतर कळले.

रुमाल उघडले तेव्हा सातांपैकी तीन आतून संपले होते. शंभर वर्षांत आमचे दफ्तर कोणी मन लावून चाळले असेल तर ते या बुरशीनेच, आणि मूळपुरुषांच्या हुद्द्याचा निकाल तिने वाचला असल्यास तो तिने कोणाला सांगितलेला नाही. उरलेले चार रुमाल सौभाग्यवतींनी अंगणात वाळवणाच्या बाजेवर, सांडग्यांशेजारी ठेवले. इतिहास अखेर उन्हात बसला. कपाट आता भिंतीपासून वीतभर दूर उभे आहे.

दिवाळीत नागपूरचे चुलतबंधू आले. त्यांनी त्या खोलीत येऊन डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि खिन्नपणे म्हणाले, “काय रे हे! पूर्वी इथे कसा आपल्या घराण्याचा वास यायचा.” आत स्वयंपाकघरात भांडी एकदम थांबली. या विषयावर कायमचा निकाल देणे भाग होते, म्हणून मी खुर्चीत सरसावून बसलो, वडिलांसारखी मान मागे टाकली आणि खोकण्यासाठी तोंड उघडले. पण काही केल्या खोकला येईना.