गाडीचा नंबर काय म्हणालात?

इंग्लंडला जाऊन आलेली माणसं बकिंगहॅम पॅलेसचं वर्णन करतात, फार तर शेक्सपिअरच्या घराचं. आमच्या हिला कुणी विचारलं की ती स्लाउमधल्या एका गॅरेजपासून सुरुवात करते. बाथ, स्टोनहेंज आणि कॉर्नवॉल ती ‘मग पुढे गेलो’ एवढ्यात उरकते. मला हा क्रम पटतो.

स्लाउ म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या अंगणातलं गाव. मार्स चॉकलेटची पहिली वडी १९३२ साली इथे तयार झाली. एरवी गावाबद्दल कोणी फारसं बरं बोलत नाही. माझी पुतणी तिथे नोकरी करते. गणपती आटोपून आम्ही पोचलो तेव्हा कॉर्नवॉलचा बेत ठरला होता, हॉटेलांचे पैसेही भरून झाले होते. विमानतळावरून घरी जाताना ती म्हणाली, “काका, मंगळवारी गाडीची एमओटी आहे. पास झाली तर निघू.”

“आणि नापास झाली तर?”

“तर काकू घरी पुरणपोळ्या करेल.”

तिथे तीन वर्षं पूर्ण झालेली गाडी दरवर्षी तपासून घ्यावी लागते, त्या तपासणीचं नाव एमओटी. १९६० साली हे सुरू झालं तेव्हा फक्त दहा वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्यांना बोलवायचे. १९६७पासून तिसऱ्या वर्षीच बोलावणं येऊ लागलं. मुदत संपलेली गाडी फक्त दोन कामांसाठी बाहेर काढता येते, आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला जायला किंवा दुरुस्तीला न्यायला. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी ‘कशी आहेस’ म्हणून विचारत नाही. पीयूसी असते, पण तिचा गाडीपेक्षा पावतीशी जास्त संबंध. पासिंग ही टेम्पोवाल्यांची भानगड. आमच्या गल्लीतला टेम्पोवाला पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी रंगवून घ्यायचा आणि मेहुण्याच्या टेम्पोचे कोरे टायर चढवायचा. संध्याकाळी टायर परत. या विषयातलं माझं ज्ञान एवढंच, म्हणून मी पुतणीला विचारलं, “टायर कुणाचे आणायचे?” तिने उत्तर दिलं नाही.

गाडी होती ह्युंदाई आय-टेन, सप्टेंबर २००९ची. म्हणजे कोरियन कंपनीने चेन्नईजवळ बनवून बोटीने इंग्लंडला धाडलेली. त्या वर्षी तिथल्या सरकारने योजना काढली होती: दहा वर्षांवरची गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर २,००० पौंड सूट घ्या, निम्मी सरकारकडून, निम्मी कंपनीकडून. इंग्रजांनी जुन्या गाड्या भराभर भंगारात घातल्या आणि आय-टेन घरी आणल्या. हे कळल्यावर मी त्या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. हिने लगेच डॅशबोर्डवर गणपती बसवला आणि आरशाला रुद्राक्षांची माळ अडकवली. पुतणीने गणपती राहू दिला, माळ काढली. ड्रायव्हरच्या नजरेच्या आड काही येता कामा नये म्हणे. समोरच्या काचेत स्टिअरिंगच्या नेमकं पुढे २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा धरतात, त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा टवका चालत नाही. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत सवलत.

आदल्या रात्री पुतणीने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला आणि तिची सगळी कुंडली बाहेर आली. कोणत्या वर्षी किती मैल झाले, कशात नापास, कशाबद्दल ताकीद, सगळं सरकारी साइटवर. कोणीही यावं, कोणत्याही गाडीचा नंबर टाकावा आणि वाचावं! मालकाकडे गाडीचं रजिस्ट्रेशनचं कागदपत्र असेल तर तपासणी कुठे झाली तेही कळतं. आम्ही तिघं रात्री बारापर्यंत वाचत बसलो. पहिली काही वर्षं गाडी वर्दिंग नावाच्या समुद्रकाठच्या गावी होती. वर्षाला जेमतेम दोन हजार मैल, दरवर्षी पहिल्या झटक्यात पास, ताकीद एकच: डाव्या टायरची कड घासलेली. “म्हातारी बाई असणार,” ही म्हणाली. “गाडी फुटपाथला टेकवून लावत असेल.” मग गाडी नॉटिंगहॅमला गेली आणि मैलांचा आकडा एका वर्षात चौदा हजारांनी चढला. दोन टायर गुळगुळीत, ब्रेकचा दिवा बंद, काच धुवायचं पाणी संपलेलं. नापास. पाणी संपलं म्हणूनही नापास करतात हे वाचून मी उठलो आणि खाली जाऊन टाकी भरून आलो.

गॅरेजच्या दारावर निळ्या पाटीवर पांढरे तीन त्रिकोण होते. आत सरकारने ठरवलेल्या दरांचा तक्ता: गाडीला जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स. तपासणारे गृहस्थ सरदारजी निघाले. मला हायसं वाटलं. आपला माणूस! मी पुढे होऊन म्हणालो, “ये अपनी गाडी है. मेड इन इंडिया.”

“मालूम है, अंकलजी.” त्यांनी चासी नंबरावर टॉर्च मारला. “एम-ए-एल. इंडियावाली का नंबर ऐसे ही शुरू होता है.” आणि आम्हाला पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं केलं.

हिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. सरदारजींनी हात जोडले. “टेस्ट के बाद, आंटीजी.”

मग दिवे झाले, हॉर्न झाला, सीटबेल्ट ओढून झाले. टायरच्या खाचा मोजल्या, १.६ मिलिमीटर हव्यात, दोनच्या वर भरल्या. चाकं रोलरवर चढवून प्रत्येकाचा ब्रेक वेगळा बघितला. धुराची नळी खरोखरच आत घातली. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एमओटीत येतच नाहीत. म्हणजे या गाडीचं जे उत्तम, ते अभ्यासक्रमातच नाही. “आय-टेन का इंजन मरता नहीं,” सरदारजी म्हणाले, “बस नीचे देखना पडता है.” आणि त्यांनी गाडी वर उचलली.

आयुष्यात पहिल्यांदाच मी गाडीचं पोट इतक्या जवळून पाहिलं. ब्रेकच्या पाइपवर गंजाची पूड धरलेली. पुढच्या आर्मचं रबर चिरलेलं. सरदारजींनी पहार घालून हलवलं तेव्हा चीर उघडून मिटली. मग डाव्या चाकामागे टॉर्च गेला आणि तिथेच थांबला. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटून बशीत पडलं होतं. तुटलेलं टोक तांबूस, मधोमध चकचकीत. म्हणजे निम्मं आधीच गंजलेलं आणि उरलेलं हल्लीच गेलेलं. कारण त्यांनी सांगितलं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते रंगाच्या टवक्यांतून लोखंडात शिरतं, आणि मग एखादा खड्डा पुरतो.

“खड्डा?” मी विचारलं. “इंग्लंडमध्ये?”

“बहोत हैं जी.”

पुण्यात आमची गाडी रोज खड्ड्यांतून जाते, स्प्रिंग शाबूत आहे. आणि चेन्नईच्या लोखंडाला स्लाउच्या खड्ड्याने मोडलं! गाडी नापास होत होती, पुतणीचा चेहरा उतरला होता, आणि मला मात्र छातीवर बिल्ला लावावा असं वाटत होतं. तरी कर्तव्य म्हणून बोलून पाहिलं, “सरदारजी, कॉर्नवॉल जाके आते हैं, फिर कर लेंगे.” त्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं. एकदा टाकलं की गेलं. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत ज्या कौशल्यावर मी कामं करून घेतली, त्याला बसायला तिथे खुर्ची नव्हती.

निकाल छापल्यावर सरदारजी डब्याकडे वळले. “अब लाओ, आंटीजी. फेल कर दिया, अब रिश्वत थोडी है!” निम्मा चिवडा उभ्याउभ्या संपला.

गाडी तिथेच दुरुस्तीला सोडली तर दहा कामाच्या दिवसांत पुन्हा बघायचे पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलून गाडी पास झाली. पाइप आणि रबर ताकिदीच्या रकान्यात गेले. आम्ही निघालो.

मात्र हिला आता नंबर टाकायचा नाद लागला होता. स्टोनहेंजला लोक दगड बघत होते, ही पार्किंगमध्ये होती. दगड काय, ए-३०३ रस्त्यावरूनही दिसले होते. बाथला रोमन हमामाजवळ एक झगझगीत जॅग्वार उभी होती. मागच्या साली टायरमधून तार दिसत होती म्हणून नापास! “बघा,” ही म्हणाली, “आणि मालक कसा चाललाय.” उलट कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हजच्या बंदरावर मासे वाहणारी एक खरवडलेली व्हॅन निघाली, पाच वर्षांत एक ताकीद नाही. हिने तिच्या ड्रायव्हरला नमस्कार केला. तो गोंधळला, पण त्याने टोपी काढली. स्कोनवर आधी जॅम लावायचा की साय, यावर तिथे दोन जिल्ह्यांचं वैर आहे म्हणे. आम्ही दोन्ही पद्धतींनी खाल्लं.

परतायच्या आधी हॅरोला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो. पुतणीला काम होतं, म्हणून आम्ही दोघंच ट्रेनने. यजमान वीसेक वर्षं तिथे. आमटीपासून मठ्ठ्यापर्यंत त्यांनी एकच विषय लावून धरला: आपल्या लोकांना शिस्त नाही, कायदा म्हणून काही नाही, सिस्टीमच नाही हो. आम्ही माना डोलावल्या. दारात त्यांची काळी जर्मन गाडी होती, तिचंही बरंच ऐकलं. हात धुवून ही मोबाइल घेऊन पोर्चमध्ये गेली आणि आतल्या दिशेने सहज म्हणाली, “गाडीचा नंबर काय म्हणालात?” त्यांनी अभिमानाने सांगितला.

एमओटी संपून अकरा दिवस झाले होते. हिने पडदा माझ्यासमोर धरला आणि विझवला. असं सापडलं तर दंड हजार पौंडांपर्यंत होतो, हे तोवर आम्हाला पाठ झालं होतं.

“चला, स्टेशनवर सोडतो,” यजमान किल्ली फिरवत म्हणाले. बाहेर पाऊस लागला होता.

“नको, नको. जेवण फार झालंय, चालतच जाऊ,” ही म्हणाली.

“अहो, भिजाल!”

“आम्ही कोकणातले आहोत.”

कोपरा वळल्यावर मी विचारलं, “सांगायचं होतंस ना त्यांना.”

“आत्ताच जेवलोय त्यांच्याकडे,” ही छत्री उघडत म्हणाली. “उद्या फोनवर सांगेन.”