दुसरी सीडी कुणाकडे आहे?

सिनेमा कुठला बघावा हे इंटरनेटने सांगायचं आणि तो आणून द्यायचं काम डोंबिवली पूर्वेच्या कॅसेटवाल्या काकांनी करायचं, अशी श्रमविभागणी २००७च्या आसपास आमच्या घरात होऊन गेली होती. दोघांचाही नाइलाज होता. आमच्या ब्रॉडबँडला महिन्याकाठी एक जीबीची वेसण. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र सगळं फुकट, त्यामुळे कॉलनीतली तरुण पिढी ब्राह्ममुहूर्ताला उठायला लागली होती आणि त्यांच्या आज्या उगाच खूश होत्या. तरीही अख्खा सिनेमा त्या वायरीतून ओढायचा म्हणजे दोन-तीन रात्री जायच्या, आणि उतरल्यावर तो पोलिश भाषेत निघायचा. सिनेमांविषयी वाचायला मात्र वाटेल तेवढं मिळायचं.

काकांकडे नेमकं उलट. सिनेमे छतापर्यंत, माहिती शून्य. ‘चांगला आहे का हो?’ असं विचारलं की ते म्हणत, ‘जातो.’ त्यापेक्षा बरा असेल तर ‘खूप जातो.’ आणि त्यांच्या लेखी सर्वोत्कृष्ट सिनेमा म्हणजे ‘परत येत नाही.’ समीक्षेची इतकी सुटसुटीत पद्धत मी त्यानंतर कुठे वाचली नाही.

दुकान जिन्याखाली होतं. उंच गिऱ्हाइकाला आत शिरताना आपोआप नमस्कार घडायचा. पाटीवर ‘व्हिडिओ लायब्ररी’ होतं, त्यापुढे वेगळ्या रंगात ‘व्हीसीडी’, मग आणखी वेगळ्या रंगात ‘डीव्हीडी’. पण गाव त्यांना शेवटपर्यंत कॅसेटवालेच म्हणालं. त्याआधी ते कादंबऱ्या आणि दिवाळी अंक भाड्याने देत. धंद्याची ही रीत तशी जुनीच. शेमारूसुद्धा १९६२ साली मुंबईत पुस्तकांची लायब्ररी म्हणूनच सुरू झालं, व्हिडिओ कॅसेटी आल्या त्या १९७९ साली. शेमारू पुढे कुठल्या कुठे गेलं, काका जिन्याखालीच राहिले. नियमही त्यांनी पुस्तकांचेच चालू ठेवले होते. पाचशे रुपये डिपॉझिट, दिवसाला वीस रुपये, उशिराला तितकाच दंड. भिंतीवरच्या ‘पाने दुमडू नयेत’ या सूचनेतला ‘पाने’ तेवढा खोडून त्यांनी वर ‘सीडी’ लिहिलं होतं.

या दुकानात मी आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटची यादी घेऊन गेलो. जगातले सर्वोत्तम अडीचशे सिनेमे. ऑफिसच्या प्रिंटरवर, साहेब जेवायला गेलेले असताना, दोन्ही बाजूंनी छापलेली. काकांनी चष्मा लावून ती वाण्याच्या यादीसारखी वरून खाली पाहिली आणि म्हणाले, ‘एवढं सगळं एकदम कशाला? एकेक न्या.’

मी म्हटलं, ‘“ट्वेल्व्ह अँग्री मेन” आहे?’

‘त्याच्याऐवजी हा न्या,’ म्हणून त्यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ पुढे सरकवला. ‘तेच बारा लोक, तीच खोली. उकाडापण आपला.’

केमिस्ट जसा डॉक्टरने लिहून दिलेलं औषध नसलं की त्याच कंटेंटचं दुसऱ्या कंपनीचं देतो, तशी काकांची पद्धत होती. ‘सेव्हन सामुराय’ मागितला, ‘चायना गेट’ मिळाला. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ला ‘गुलाम’. ‘डायल एम फॉर मर्डर’ला ‘ऐतबार’. ‘गॉडफादर’ मागितला तेव्हा त्यांनी ‘धर्मात्मा’ की ‘सरकार’, असा पर्याय दिला. जुनी कंपनी हवी की नवी, एवढाच प्रश्न. रात्री मी घरी येऊन नेटवर ताडून पाहायचो, तर प्रत्येक वेळी काका बरोबर. आयएमडीबीवर कुठला सिनेमा कुठून उचललाय याचं एक वेगळं पान असतं. ते पान काकांनी इंग्रजी सिनेमे न पाहता, फक्त गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून तयार केलं होतं. ‘हा तर आम्ही पाहिलाय हिंदीत’ असं म्हणत जो सिनेमा परत येई, त्याची जोडी ते डोक्यात नोंदवून ठेवत. हिंदी सिनेसृष्टीच्या उचलेगिरीवर कुणाला पीएच.डी. करायची असती, तर मार्गदर्शक म्हणून मी जिन्याखालीच पाठवलं असतं.

इंग्रजी सिनेमे त्यांनी लावले होते ते मात्र मुखपृष्ठ बघून. ‘लहान मुलांचे’ या कप्प्यात ‘१०१ डाल्मेशियन्स’च्या शेजारी ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’, त्याला लागून ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आणि पलीकडे ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’. शेवटच्याबद्दल मी त्यांना सावध केलं, तर ते डबी उचलून म्हणाले, ‘अहो, फुलपाखरू आहे ना वर!’ होता खरं तर पतंग. बाईच्या तोंडावर बसलेला. पुढच्या गल्लीतल्या एका वाढदिवसाला तो सिनेमा गेला होता आणि कोकरं कधी येणार म्हणून मुलं रडेपर्यंत थांबली होती, असं नंतर कळलं. काकांच्या वहीत मात्र त्यापुढे ‘खूप जातो’ अशीच नोंद होती.

ही वही म्हणजे दुकानाचा जीव. लांबडी, कापडी पाठीची. कुठला सिनेमा कुणी नेला, कधी आणला, किती दंड झाला. एकदा मी त्यांना उत्साहाने सांगितलं, ‘काका, ही माझी यादी आहे ना, तीसुद्धा अशा वह्यांतूनच निघालीय. कोल नीडम नावाचा एक इंग्रज संगणकवाला. सिनेमावेड्या लोकांनी नेटवर जमवलेल्या याद्या त्याने १९९० साली एकत्र केल्या. १९९८ साली ॲमेझॉनने ते सगळं विकत घेतलं.’

काकांचा हात थांबला. ‘नुसत्या वहीचे पैसे दिले?’

‘नुसत्या वहीचे.’

दुसऱ्या दिवशी वहीला खाकी कव्हर होतं.

आता पुढची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, कारण त्यांनी दंड वाढवला असता. त्याच काळात अमेरिकेत नेटफ्लिक्स ही कंपनी टपालाने डीव्हीडी घरपोच पाठवायची. गिऱ्हाइकाला पुढे काय आवडेल याचा अंदाज त्यांचं यंत्र बांधायचं. २००६ साली त्यांनी जाहीर केलं, की हा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी ४,८०,१८९ गिऱ्हाइकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले दहा कोटींहून जास्त शेरे लोकांपुढे ओतले. जगभरचे गणिती तीन वर्षं खपले, तेव्हा कुठे २००९ साली बक्षीस गेलं. वाटेत ‘नेपोलियन डायनामाइट’ नावाच्या एका विनोदी सिनेमाने सगळ्यांना जेरीला आणलं. तो कुणाला डोक्यावर घ्यावासा वाटेल आणि कुणाला फेकून द्यावासा, हे कुठल्याच सूत्रात बसेना.

काकांच्या सूत्रात बसलं असतं. ते सिनेमाकडे बघतच नसत, माणसाकडे बघत. मी शुक्रवारी गेलो की म्हणत, ‘दमलेले दिसता, मारामारीचा न्या. झोप लागली तरी चुकायचं काही नाही.’ आमची ही गेली की, ‘वहिनी, हा नको, ह्यात शेवटी कुत्रा मरतो.’ आई गेली तर तिच्या हातातला सिनेमा काढून घेऊन, ‘मावशी, हा तुम्ही दोन वर्षांपूर्वी नेलेला, आवडला नव्हता,’ असं वही न उघडता सांगत. आई म्हणायची, ‘मग द्या, मला आठवत नाहीये.’ या उत्तराला मात्र अमेरिकेतही तोड निघाली नसती.

नेटफ्लिक्सने शेरे खुले करताना गिऱ्हाइकांची नावं काढून टाकली होती. तरी टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी आयएमडीबीवर लोकांनी उघडपणे दिलेल्या शेऱ्यांशी ते ताडून पाहिले आणि त्यातली काही माणसं ओळखून दाखवली. खासगीपणाचा केवढा गहजब झाला, कोर्टकचेरी झाली आणि २०१०मध्ये दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. आमच्याकडे एवढ्यासाठी विद्यापीठ लागत नव्हतं. वही काउंटरवर उघडीच असायची आणि लोकलमध्ये शेजाऱ्याचा पेपर उलटा-तिरका वाचून तयार झालेल्या डोंबिवलीकर नजरेला आणखी काय हवं? आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दादा कोंडक्यांचे सिनेमे ओळीने नेले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते गच्चीत ‘अलीकडच्या मुलांची अभिरुची’ या विषयावर बोलायला लागले की सगळे पाण्याच्या टाकीकडे बघायचे.

व्हीसीडीच्या चकतीवर सव्वा तासाच्या आतबाहेरच सिनेमा मावतो. म्हणजे इंग्रजी सिनेमा दोन तुकड्यांत आणि हिंदी तीन तुकड्यांतसुद्धा. हे तुकडे एकाच डबीत राहतील याची हमी काका देत नसत. पहिली सीडी संपवून दुसरी लावावी, तर वेगळाच नायक, वेगळंच गाव. एकदा आम्ही कौटुंबिक सिनेमाचा पूर्वार्ध आणि दरोड्याच्या सिनेमाचा उत्तरार्ध असा जोडून पाहिला. आई अखेरपर्यंत बसली आणि म्हणाली, ‘त्या सुनेचं असंच व्हायला हवं होतं.’

शेवटी ‘सेव्हन सामुराय’ काकांनी मुंबईहून कुठून तरी मिळवला, माझ्या चिकाटीपुढे हात टेकून. २०७ मिनिटांचा सिनेमा आणि आमच्याकडे भारनियमन. वेळापत्रक समोर ठेवून मी पाहायला बसलो, तरी वीज तिच्या मर्जीने गेली. पडद्यावर शेवटची लढाई, धो धो पाऊस, चिखल आणि अंधार. सुरुवातीला मला वाटलं, सिनेमातच अंधार झालाय. डीव्हीडी आत अडकलेली, वीज येणार मध्यरात्री, आणि नऊला दुकान बंद झालं की दंड. हिने सुचवलं, प्लेअरच घेऊन जा. मी प्लेअर काखेत मारून अंधारातून निघालो. वाटेत भेटलेल्या दोघांनी, विकायला काढलात का, असं विचारलं.

काकांकडे इन्व्हर्टर होता. त्यांनी प्लेअर लावला, बटण दाबायच्या ऐवजी टीव्ही जोडला आणि म्हणाले, ‘बघू तरी कशासाठी एवढं.’ मोबाइल रिचार्जला आलेले चार-पाच जण वाकून उभे राहिले. लढाई संपली. काकांनी विचारलं, ‘ह्या लोकांना पैसे किती मिळाले?’ मी म्हटलं, पैसे नाहीत, शेतकऱ्यांनी फक्त भात घातला. काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ‘नुसत्या भातावर सात माणसं?’ ते म्हणाले. ‘माझ्याकडे पगार देऊन एक पोरगा टिकत नाही.’

तो पोरगा म्हणजे त्यांचा पुतण्या. तो टिकला होता तेवढ्या दिवसांत त्याने दुकानाची वेबसाइट काढली. घरबसल्या यादी बघा आणि फोन करा, अशी आधुनिक सोय. वेबसाइटवर सगळे सिनेमे कायम ‘उपलब्ध’ असत, कारण ते ‘बाहेर गेलेत’ असं रोज संध्याकाळी भरणार कोण? लोक वेबसाइट बघायचे आणि खात्री करायला दुकानात यायचे. काका म्हणत, ‘तो नेटवर आहे. इथे नाही.’

मग मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. वीस रुपये भाडं देण्याऐवजी अठ्ठावीसला मालकी. काकांचा युक्तिवाद तयार होता. ‘घ्या की विकत. पण ठेवणार कुठे?’ वन रूम किचनच्या गावात हा मुद्दा बिनतोड होता आणि त्यावर त्यांनी आणखी बरेच दिवस काढले. नंतर वायरी रुंद झाल्या, सिनेमे फोनमध्ये आले आणि पाटीवर आणखी एका रंगात ‘झेरॉक्स’ आलं. आता तिथे आधार-पॅनचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात. नेट काकांच्याच दुकानात जाऊन बसलं.

माझं डिपॉझिट मात्र अजून त्यांच्याकडे आहे. मागायला गेलो की वही निघते. ‘दिल है के मानता नहीं’ची दुसरी सीडी माझ्या नावावर बाकी आहे. ती मुळात डबीत नव्हतीच, हे मी दर वेळी सांगतो. ते दर वेळी दंडाचा हिशेब सुरू करतात आणि आकडा पाच अंकांत शिरायला लागला की मी छत्री उचलतो.

खरी अडचण आईची. तिने तो सिनेमा अर्धाच पाहिला. परवा परत विचारत होती, त्या पोरीचं पुढे काय झालं. मी म्हटलं, फोनवर शोधून लावून देतो. ती म्हणाली, एवढ्याशा पडद्यावर नको, माझे डोळे जातील. मग तोंडी शेवट सांगितला, तर विश्वास बसेना. ‘बाप असं कसं म्हणेल? तू काहीतरी जुळवतोयस.’ आणि चपला घालून ती थेट जिन्याखाली गेली.

पॅन कार्डवाल्यांची रांग होती. काकांनी कीबोर्डवरचे हात न काढता आख्खी दुसरी सीडी सांगितली. श्रीमंत बाप, मांडव, वाजंत्री, ऐन मुहूर्तावर बापच मुलीला म्हणतो पळ, आणि ती शालू सावरत त्या वार्ताहराकडे धावत सुटते. रांगेतल्या एका बाईंनी मध्येच ‘आणि तो हिरो?’ विचारलं, तेव्हा मागे जाऊन पुन्हा सांगितलं. आईचं समाधान झालं.

‘वीस रुपये,’ काका म्हणाले.

‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या,’ आई म्हणाली.